लेकीच्या वाट्याची सुकेळी

आमच्या सांडोर गावातल्या घरात एक खुळी रीत आहे. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली, सुकेळी झाली, केळीच्याच सुक्या पानात बांधली, की पहिली पुडी सासरी गेलेल्या लेकीची. तिने खाल्ल्याशिवाय घरातल्या कोणी चाखायची नाहीत. बाहेर विका, पाहुण्यांना द्या, पण स्वतः हात लावायचा नाही. माझी बायको चंद्रकांता असल्या बाबतीत भलती कडक. त्यामुळे गेल्या वर्षी सुकेळी आमच्या तोंडाला लागली नाहीत, आणि यंदाही तीच लक्षणं दिसत होती.

कारण आमची लेक नेत्रा येत नव्हती. मुलुंड काय परदेशात आहे? पण आधी म्हणायची, "बाबा, टोलनाक्यावरच जीव जातो." छोट्या गाड्यांचा टोल माफ झाला तेव्हा मी लगेच फोन केला. तर म्हणे, "टोलचं सोडा हो, घोडबंदरचं ट्रॅफिक बघा. मेट्रो होऊ दे सगळीकडे, मग दर रविवारी येते." मेट्रोच्या खांबांखालीच तर गाड्या अडतात. ती आमच्याकडे पोचेपर्यंत माझ्या फोटोला हार लागलेला असेल. हे मी तिला बोलूनही दाखवलं, तर हसली. तिचं हसणं ऐकलं की माझा राग जातो आणि मग ती जास्तच आठवत राहते.

शेवटी चंद्रकांता म्हणाली, "ती येत नाही ना, मग तुम्ही जा. तिच्या हातात द्या, आणि तुमच्यासमोर खाऊ दे." शेजारचा पास्कल टेम्पोत भाजी भरून ठाण्याला निघाला होता, त्याच्या बाजूला जाऊन बसलो. पुडी मांडीवर. नेत्राला कळवलं नाही. कळवलं असतं तर "कशाला त्रास घेता" म्हणाली असती.

मालजीपाड्यापुढे गाड्या थांबल्या त्या थांबल्याच. खाडीवरचा पूल अजून दिसतही नव्हता. समोरून येणारी बाजूही तशीच तुंबलेली. पास्कलने इंजिन बंद केलं. मी सरकारपासून कंटेनरवाल्यांपर्यंत सगळ्यांचा उद्धार करून घेतला.

"काका, पुडी सोडा आता. इथेच खाऊ," पास्कल म्हणाला.

"हात तर लावून बघ," मी म्हटलं, आणि माझी नजर दुभाजकापलीकडे गेली. पलीकडच्या पांढऱ्या गाडीत मागच्या सीटवर नेत्रा बसली होती, मांडीवर लॅपटॉप घेऊन.

मी पुडी घेऊन उतरलो, दुभाजकाशी जाऊन हाक मारली. ती दार उघडून बाहेर आली.

"बाबा? तुम्ही इथे कसे?"

"तुझ्याकडेच निघालोय. तू?"

"बोईसरला, साइटवर. ऑफिसची गाडी आहे. अधूनमधून जावं लागतं."

म्हणजे आमच्या दारावरून जात होती, आणि आजच नाही. "मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर आई स्वयंपाक करून वाट बघत बसली असती. आणि मला थांबता आलं नसतं."

मला लागलं ते. चांगलं झापायचं मनात होतं, पण तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसली. पुडी पुढे केली. तिने दोरा दातांनी तोडला, लहानपणी तोडायची तसाच. एक तुकडा तोंडात घातला, एक माझ्या हातावर ठेवला. "आता तुम्ही खा," म्हणाली. मधे तो सिमेंटचा कठडा, आणि आम्ही बापलेक दोन्हीकडे उभे राहून खात होतो. आजूबाजूला हॉर्न वाजत होते. जन्मभर ह्या ट्रॅफिकला शिव्या घातल्या मी. आज मनात म्हटलं, देवा, अजून थोडा वेळ सोडू नकोस हे.

सुटलंच. तिच्या बाजूचं आधी. ड्रायव्हरने हाक मारली, तिने माझा हात दाबला आणि उरलेली पुडी घेऊन गाडीत बसली. मागच्या काचेतून ती बराच वेळ बघत होती.

टेम्पोत बसून चंद्रकांताला फोन लावला. "भेटली. माझ्यासमोर खाल्ली. तू पण खा आता."

"बरी आहे ना? वाळली असेल."

"बरी आहे." कुठे भेटली ते काही मी सांगितलं नाही.

"आणि घरी कधी येते म्हणाली?"

टेम्पो पुलावर चढला होता. पास्कल माझ्याकडे बघत होता.

"मेट्रो झाली की," मी म्हणालो. "मग दर रविवारी येणार आहे."