खाडीतला काथ्या

डेलिशाची टॅरंटुला काचेच्या पेटीच्या भिंतीला चिकटून बसली, ती खाली उतरायचं नाव घेईना. तळहाताएवढी, तपकिरी, अंगभर कुरळे केस असलेली ही कोळीण मूळची मध्य अमेरिकेतली. पण जन्म पुण्यातला, डेलिशाची मैत्रीण रसिका हिच्या घरातला. तारकर्लीला समुद्र बघायला आलेल्या रसिकानंच ती डब्यात घालून आणून दिली होती. डेलिशानं कॉलेजपासून धरलेला हट्ट एकदाचा पुरा झाला होता.

आणि तिला घरात आपलं असं काहीतरी हवंच होतं. लग्न होऊन ती कणकवलीहून तारकर्लीला आली आणि नवरा अ‍ॅलन लगेच जहाजावर गेला. घरात उरल्या ती आणि सासू मारियान. भांडण तर सोडाच, दोघींनी एकमेकींना साधं "नको" म्हटलं नव्हतं. दोघी इतक्या जपून वागत, की बघणाऱ्याला वाटावं, दोघीही इथे पाहुण्याच आहेत.

टॅरंटुला बघून मारियान दारातच थबकली होती. "चावता?" एवढंच तिनं विचारलं.

"उगाच चावना नाय, मम्मी."

मारियाननं मान हलवली आणि त्या दिवसापासून ती खोली भिंतीच्या कडेकडेनं ओलांडू लागली. पण काचेच्या पेटीत चार बोटं काथ्याचा थर घालायचा असतो आणि डेलिशा तो मोबाइलवरून मागवायला निघालीय, हे कानावर आल्यावर मात्र तिला राहवेना.

"काथ्याक पैशे घालतंस? तारकर्लेत बसान?"

ती तडक शेजारच्या बाबलीकडे गेली. बाबली दोऱ्या वळायचा. त्याच्याकडून तिनं टोपलीभर काथ्या आणला, ओटीवर बसून त्यातले कचरे वेचले, हातानं मऊ मोकळा करून दिला. त्या प्राण्याकडे बघायची हिंमत नसलेली बाई त्याचं अंथरूण तयार करत होती. पेटीत काथ्या घालून डेलिशानं तो अलगद दाबला, थोडा ओला केला, अर्धं फुटकं मडकं आडवं करून बीळ केलं, पाण्याची वाटी ठेवली.

टॅरंटुलानं त्या काथ्यावर एक पाय टेकवला, उचलला आणि ती सरळ काचेवर चढली.

नव्या जागेत रुसतात, त्रास देऊ नको, असं रसिकानं बजावलं होतं. म्हणून डेलिशा गप्प राहिली. पण रुसव्यालाही काही सुमार असतो. दिवस गेले तरी ती वरच. पुढचे पाय थकून घसरायला लागले, तेव्हा डेलिशानं फोन लावला.

"अगं, ती जमिनीवर राहणारी," रसिका म्हणाली. "वरून मडक्यावर पडली तर पोट फुटून मरेल. काथ्या कुठला घातलास?"

"इथलाच. नारळाची सोडणं खाडीत कुजवून काढतात ना, तो."

"म्हणजे खाऱ्या पाण्यातला? डेलिशा, त्यात मीठ असणार. आत्ताच्या आत्ता काढ तो."

काढणं सोपं होतं. पण मारियानला सांगणार काय? तुम्ही पहिल्यांदा मायेनं काही दिलंत आणि त्यानंच हिचा जीव जायची वेळ आली? डेलिशानं ठरवलं, संध्याकाळी सासू चर्चमध्ये मिस्साला गेली की गुपचूप सगळं बदलायचं.

मारियान गेली. डेलिशानं मऊ ब्रशनं टॅरंटुलाला हळूच डब्यात उतरवलं, काथ्या पिशवीत भरला आणि ती पिशवीला गाठ मारत होती, तेवढ्यात चष्मा विसरलेली मारियान परत आली.

"ह्यो कित्याक काढलंस?"

"ओलो झालेलो," डेलिशा म्हणाली. खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे कान लाल झाले.

मारियाननं पिशवीतनं चिमूटभर काथ्या घेतला आणि जिभेवर ठेवला. एप्रिल लागला की किनाऱ्यावरच्या विहिरी मचूळ होतात. घागर भरायच्या आधी पाणी चाखायची तिची जन्माची सवय.

"खारट आसा," ती म्हणाली. "म्हणान ती खाली येना नाय?"

डेलिशानं होकारार्थी मान हलवली.

"माका कित्याक सांगूक नाय?"

"तुमी मायेन दिलात, म्हणान."

"मायेन दिलंय तरी मीठ ता मीठच. परक्यांपासून लपवतत गो. मी तुका परकी?"

डेलिशाच्या डोळ्यांत पाणी आलं. मारियाननं मिस्साला नेसलेल्या साडीचा पदर कमरेला खोचला. "चल, धुवया. आपल्या बावीचा पाणी नको, मचूळ झाला. बाबलीच्या बावीचा आणूया."

बाबलीची विहीर त्याच्या वरच्या बागेत, किनाऱ्यापासून लांब. दोघींनी कळशा वाहिल्या. काथ्या बुचकळायचा, पिळायचा, पिळलेलं पाणी मारियाननं चाखायचं.

"आसा अजून."

पुन्हा कळशी. पुन्हा चाखणं. तोंड वाकडं करून थुंकणं. ज्या प्राण्याच्या वाऱ्याला ती उभी राहत नव्हती, त्याच्यासाठी ही बाई मिठाचं पाणी तोंडात घेत होती. डेलिशाला वाटलं, इतकं तर आपल्यासाठी आपल्या आईनंही केलं नसेल. आणि लगेच आईची आठवण येऊन ओशाळायलाही झालं.

"आता नाय," मारियान शेवटी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उन्हात काथ्या वाळला. डेलिशानं पेटी पुन्हा भरली. डब्याचं झाकण धरायला कोणीतरी हवं होतं. मारियाननं ते धरलं, डोळे गच्च मिटून, तोंडानं नमान मारियेची प्रार्थना चालू. डेलिशानं डबा कलता केला.

टॅरंटुला कडेपाशी थांबली. एक पाय काथ्यावर ठेवला. डेलिशानं श्वास धरला. दुसरा पाय ठेवला, मग तिसरा, आणि मग सगळं जड अंग सावकाश खाली आणून ती काथ्यावर पसरली.

"मम्मी, बघा. उतरली."

मारियाननं एक डोळा उघडला. मग दुसरा. कितीतरी वेळ ती बघत राहिली.

"उपकार झाले तुमचे," डेलिशा म्हणाली.

"उपकार कसले. आणि ह्या घरात काय पटला नाय, तर तेव्हाच सांगायचा."

डेलिशा थोडी घुटमळली. "मग एक सांगू?"

"सांग."

"सकाळची ती कॉफी माका घशाखाली उतरना नाय. माका चाय लागता."

मारियान तिच्याकडे बघतच राहिली. "आणि इतके म्हयने पितंस?"

"तुमी इतक्या सकाळी उठान करतास, म्हणान."

मारियान तडक स्वयंपाकघरात गेली. टोप आपटल्याचा आवाज आला. डेलिशा दाराशी येऊन थांबली.

मग आतून हाक आली, "साखर किती घालू गो?"