सोडायला लावली

अप्पांच्या आठवणींच्या पुस्तकाची पाचवी आवृत्ती निघतेय. प्रुफं तपासायला माझ्याकडेच आली. दुसरीकडे जाणार कुठे? अप्पांचा हात थरथरायला लागला, त्याला एकतीस वर्षं झाली. तेव्हापासून ते खुर्चीत बसून सांगतात आणि मी खिडकीजवळच्या टेबलावर लिहून घेते. घरच्या घरी फुकटची लेखनिक!

पान चौऱ्याऐंशीवर मी दरवेळी अडते. 'धाकटीने माझ्या लेखनासाठी हसत हसत चित्रकला सोडली.' धाकटी म्हणजे मी. वाचक घरी येतात, अप्पांची सही घेतात, मग माझा हात हातात धरून म्हणतात, "केवढा हो त्याग तुमचा!" मी चहाचं निमित्त करून आत सटकते.

अप्पांनी असं सांगितलंच नव्हतं. ते पान सांगितलं त्या सकाळी ते म्हणाले होते, 'माझ्या लेखनासाठी धाकटीला मी चित्रकला सोडायला लावली.' मग चष्मा काढून पुसला आणि पुढच्या प्रकरणाकडे वळले. मला त्यांची दया आली. चारचौघांत बापाची मान खाली जायला नको म्हणून मी 'लावली' गाळलं आणि 'हसत हसत' पदरचं घातलं. हसत कसली? रंगांचे ब्रश बांधून माळ्यावर टाकले, त्यानंतर तीन दिवस मी कुणाशी बोलले नव्हते. माझ्याच शहाणपणाने मला त्या वाक्यात कोंडलं.

या वेळी लाल पेनाने ते दुरुस्त केलं आणि दादाला फोन लावला. तो उखडलाच.

"डोकं फिरलंय का तुझं? चार आवृत्त्या झाल्या, आता कशाला उकरून काढतेस? आधी अप्पांना विचार."

विचारलं. कागद त्यांच्या मांडीवर ठेवला, दोन्ही वाक्यं मोठ्याने वाचली.

"अप्पा, तुम्ही हे दुसरं सांगितलं होतं. मी बदललं."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद डोळ्यांशी नेला आणि अगदी मायेने हसले.

"काहीतरीच! मी सांगितलं असतं तर तू लिहिलं असतंस. माझा एक शब्द तरी कधी बदललायस का, बाळ?"

किंचाळावंसं वाटलं. त्या सकाळी खोलीत आम्ही दोघंच होतो, आणि त्यातल्या एकाला माझंच खोटं वाचून वाचून खरं वाटायला लागलं होतं. आता मी कुणाला साक्षीला बोलावू?

"आणि प्रस्तावना राहिलीय," अप्पा म्हणाले. "घे लिहून. 'चित्रकला सोडल्याचा धाकटीला आजवर एकदाही पश्चात्ताप झाला नाही.'"

मी वही ओढली आणि लिहून घेतलं. या वेळी एकही शब्द बदलला नाही.