पुलापर्यंत

ताईंनी खुर्ची उचलून सावलीत नेली, हाताने धूळ झटकली आणि कंपनीच्या साहेबांना म्हटलं, बसा. साहेब बसले नाहीत. त्यांनी घड्याळ पाहिलं.

"सकाळपासून नऊ गाड्या बघितल्या मी," ते म्हणाले. "एकेक तीन सेकंद. बाकी नुसती धूळ. वरच्यांना जाऊन काय सांगू?"

 या वर्षी ताईंनी काय करायचं बाकी ठेवलं होतं! मोठा पडदा आणला, तर उन्हात त्यावर काही दिसेना. शाळांना बोलावलं, पोरांना खऱ्या गाडीत बसवून फोटो काढू दिले. पोरं फोटो काढून घरी गेली. एवढ्या थोरल्या मैदानात जेमतेम दोनशे माणसं, त्यांतही निम्मे स्पर्धकांचे नातेवाईक. ही गाड्यांची रॅली नवऱ्याने सुरू केलेली. तो गेला, त्यानंतर नऊ वर्षं ताईंनी ती एकटीने ओढत आणली होती. गाड्या देणाऱ्या कंपन्या एकेक करून गळाल्या, उरली ही एक, आणि तीही आज हो की नाही ते सांगून जाणार होती. नाही म्हटलं की संपलं सगळं. 

"शेवटची गाडी तेवढी बघून जा," त्या म्हणाल्या. "माझा भाऊ चालवतोय. शेजारी माझी लेक आहे."

साहेब भिडेखातर थांबले.

शेवटचा टप्पा डोंगरातून वळणं घेत मैदानात उतरायचा. गाडी अगदी समोर येईपर्यंत इथून काही म्हणजे काही दिसत नसे. भाऊ चालवणार आणि लेक मांडीवरची वही वाचणार. पुढचं वळण डावं की उजवं, किती अवघड, हे तिने आधी फिरून आपल्या शब्दांत टिपून ठेवलेलं. आकडा जितका लहान तितकं वळण वाईट. हे बोलणं त्या दोघांतच राहायचं. काही बरंवाईट झालं तर कळावं, म्हणून फक्त मैदानाकडेच्या तंबूतला रेडिओवाला ते कानाला लावून ऐकत बसायचा.

त्या दिवशी रेडिओवाल्याने घाईघाईत वायर भलत्याच भोकात खुपसली. मैदानातल्या भोंग्यातून एकदम इंजिनाची गुरगुर आली आणि तिच्यावर चढलेला पोरीचा आवाज.

"डावं चार. पुढे सरळ. उजवं दोन, आवळत जातंय. आत दगड आहे. मामा, ऐकतोयस ना?"

"ऐकतोय गं बये. तू वाच."

मैदानात हशा पिकला. खुर्ची घडी करून निघालेल्या एका बाप्याने ती परत उघडली. उजवं एक म्हटल्यावर दोनशे माणसांनी श्वास धरला, आणि 'निघालो' ऐकल्यावर सोडला. डावं म्हटलं की माना डावीकडे कलत होत्या. गाडीचा पत्ता नव्हता, तरी लोक रस्त्याकडेच्या दोराला येऊन भिडले.

ताई तंबूकडे धावल्या. त्यांना तो रस्ता तोंडपाठ होता. आता पूल येणार, आणि पुलापलीकडे ते वळण, जिथून नवऱ्याची गाडी दरीत गेली होती. लेक तिथे काय वाचते हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. ती वहीला कुणाला हात लावू देत नसे.

रेडिओवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "काढतो ताई, काढतो," म्हणत त्याने वायर धरली.

ताईंनी मागे पाहिलं. साहेबही दोराशी उभे होते, मान वर, घड्याळाचा हात खिशात. ताईंनी रेडिओवाल्याचं मनगट पकडलं.

"राहू दे."

"ताई, पुढे पूल आहे."

"माहितेय मला."

"पूल," भोंगा म्हणाला. मग पोरीचा आवाज लहान झाला. "बाबा आले, मामा. पाय काढ."

इंजिनाची गुरगुर खाली आली.

"बाबा, आम्हीच आहोत. घाई नाही आम्हाला." थोडा वेळ नुसती खडी वाजत राहिली. "झालं. दाब आता. डावं पाच."

 ताईंना रडू आवरेना, पण मनगट त्यांनी सोडलं नाही.

गाडी आली ती तीन सेकंदच दिसली. लोक तिच्यामागे धावले. साहेब मात्र तंबूत आले.

"पुढच्या वर्षी सगळ्या गाड्यांचं असं ऐकवता येईल?" त्यांनी विचारलं. "मग आम्ही आहोत."

"येईल," ताई म्हणाल्या. नऊ वर्षं ज्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते मिळालं, आणि त्यांना धड हसताही येईना.

गाडीतून उतरलं की हेल्मेट आईच्या हातात द्यायचं, ही लेकीची लहानपणापासूनची सवय. आज वाटेत एका अनोळखी बाईने तिचा हात धरला आणि डोळे पुसले. लेकीने भोंग्याकडे पाहिलं. ती तंबूत आली.

"आई, हे बाहेर ऐकू जात होतं?"

"माझी चूक," रेडिओवाला लगेच म्हणाला. "वायर चुकून लागली."

"शेवटपर्यंत चुकून?"

तो मान खाली घालून मनगट चोळत राहिला. ताईंनी हो म्हटलं असतं तर तो जन्मभर गप्प बसला असता.

"पुलापर्यंत," ताई म्हणाल्या.

 लेकीने वही हेल्मेटमध्ये ठेवली आणि हेल्मेट मागून आलेल्या मामाकडे दिलं.