कपाळामागच्या तुकड्याची साक्ष

मित्रांनो, मी प्लॅस्टिकचा मेंदू आहे. वय झालं, रंग उडाला. कुणी माझे भाग सुटे करू लागलं की मला आधी शंका येते, हा आता माझ्या नावावर काय खपवणार?

मी साच्यातून निघालो तो मोठ्या माणसाच्या मेंदूचा नमुना म्हणून. काही वर्षं वैद्यकीय कॉलेजात काढली. परीक्षेच्या दिवसांत मुलं मला हातोहात फिरवत, माझं कौतुक करत. पुढं संगणकावर माझ्याहून सुरेख चित्रं आली आणि मी कपाटात गेलो. तिथून मला डॉक्टर एबरसोल यांनी उचललं आणि अमेरिकेतल्या एरी सरोवराकाठच्या आमच्या शहरात, किशोर न्यायालयात नेलं.

पहिल्या खेपेला ते सरकार पक्षाचे साक्षीदार होते. माझ्या कपाळामागच्या तुकड्यावर बोट ठेवून म्हणाले, या मुलाचा इथंच बिघाड आहे, तो सुधारायचा नाही. तो मुलगा मोठ्यांच्या तुरुंगात गेला. मग नवी संशोधनं आली. डॉक्टरांनी ती वाचली, मत बदललं आणि ते बचाव पक्षाकडून येऊ लागले. आता सांगत, आवेग आवरणं, परिणामांचा विचार करणं यात या भागाचा मोठा वाटा असतो आणि त्याची घडण विशीच्या मध्यापर्यंत चालते. मला ते पटत होतं. पण तुकडा तोच होता, बोटही तेच होतं, म्हणून मी सावध राहिलो.

अशात मार्केल प्रुइटचं प्रकरण आलं. वय सोळा. त्यानं आणि दोन मित्रांनी बंद पडलेल्या बोलिंगच्या हॉलमध्ये शिरून गंमत म्हणून पुठ्ठ्यांना आग लावली होती. आत झोपलेल्या रखवालदाराचे दोन्ही हात भाजले. तिघेही पळाले. मार्केल मात्र बसथांब्यावरून एकटाच परतला, काच फोडून आत शिरला आणि त्यानं म्हाताऱ्याला ओढून बाहेर काढलं. कोर्टापुढं प्रश्न होता की त्याचा खटला इथंच राहावा की मोठ्यांच्या न्यायालयात जावा. तिकडे गेला तर पोराचं तारुण्य तुरुंगात जाणार होतं.

सुनावणीआधी बाहेरच्या बाकावर डॉक्टरांनी मला उघडलं आणि मार्केलच्या आईला, ओडेसाबाईंना, सगळं समजावून सांगितलं.

"हा भाग तयार व्हायला पंचविशी उजाडते?" बाई म्हणाल्या. "याच्या बापाचा तर पन्नाशीतही तयार झालेला दिसत नाही, डॉक्टर."

मार्केल शेजारी बसून कान देऊन ऐकत होता. मला ते काही बरं वाटलं नाही.

आत सरकारी वकील केरिगन म्हणाले, मुलगा परत गेला याचा अर्थ त्याला बरंवाईट नीट कळत होतं, मग शिक्षाही त्यानं मोठ्यांसारखी भोगावी. डॉक्टरांनी त्याच परतण्याचा उलटा अर्थ लावला. या वयात मित्रांच्या घोळक्यात डोकं एक चालतं आणि एकटं, शांत असताना दुसरं, असं त्यांचं म्हणणं. जज विस्नियाक बाई दोघांकडेही सारख्याच संशयानं बघत होत्या.

"हे सगळ्या मुलांचं झालं, डॉक्टर. या मुलाचं काय?"

"ते हा नमुना सांगू शकत नाही, मॅडम. मेंदूचा फोटो काढला तरी सांगता येणार नाही."

डॉक्टरांच्या तोंडून इतकं सरळ उत्तर मी प्रथमच ऐकलं.

मग जजबाईंनी मार्केललाच विचारलं, आग का लावलीस? तो ताठ उभा राहिला आणि पाठ केल्यासारखं म्हणाला, "माझ्या मेंदूचा पुढचा भाग अजून तयार नाही, मॅडम."

बाईंनी चष्मा काढून ठेवला. "हे कुणी पढवलं तुला?"

"कुणी नाही. बाहेर डॉक्टर आईला सांगत होते."

ओडेसाबाईंनी कपाळावर हात मारला. केरिगन गालात हसले. सगळं हातचं गेलं असं मला वाटलं, आणि तेही माझ्यापायी.

जजबाईंनी शिपायाला सांगून मला टेबलाखाली ठेवायला लावलं. "मेंदू राहू दे. बसथांब्यावर काय झालं ते सांग."

तिथून मला फक्त मार्केलचे बूट दिसत होते. ते बराच वेळ एकमेकांवर घासत राहिले. मग तो बोलू लागला. दोघे मित्र आधीच्या बसनं गेले होते. त्याची बस आली, दार उघडलं, पण त्याचा पाय उचलेना. हॉलमधून पळताना त्यानं कुणाचा तरी खोकला ऐकला होता.

"म्हणजे आत माणूस आहे हे तुला तेव्हाच माहीत होतं?"

केरिगन यांच्या लेखणीची कुरकुर थांबलेली मला ऐकू आली. 'नाही' म्हणणं सोपं होतं.

"माहीत होतं," मार्केल म्हणाला. "ते दोघं हसत होते, तेव्हा ते एवढं मोठं वाटलं नाही. एकटा राहिलो, तेव्हा वाटलं."

ही कबुली त्याला बाकावर कुणी पढवलेली नव्हती.

बाईंनी खटला आपल्याच न्यायालयात ठेवला. मार्केलला सुधारगृहात पाठवलं आणि ठरावीक काळानं स्वतः समोर येऊन उभं राहायला सांगितलं. "माझा पुरता विश्वास बसलेला नाही," त्या म्हणाल्या. "तो तू बसवायचा आहेस." ओडेसाबाई रडल्या. भाजलेल्या रखवालदाराला हा निकाल कसा वाटला, ते मला ठाऊक नाही. त्याला त्या दिवशी कुणी बोलावलंच नव्हतं.

मित्रांनो, मला धुळीपासून जपा, माझे तुकडे हरवू देऊ नका. मी शिकवतो ते बहुतेक मुलांविषयी खरं आहे आणि कोर्टानं ते ऐकायलाच हवं. पण कुणी माझ्यावर बोट ठेवून एखाद्या मुलाचं भविष्य सांगू लागलं, तर त्याला विचारा, तुम्ही त्या मुलाशी बोललात का? आणि 'हो' असं उत्तर फार चटकन आलं, तर पुन्हा विचारा.