डाव्या मनगटावरचा मोर

मथुराबाई तामसीच्या बसथांब्यावरून हरवल्या. त्यांना विसरण्याचा आजार होता. स्वतःचं नावही सांगता येत नसे. मुलगा अमर आदिलाबादच्या सरकारी कचेरीत गेला. राज्यभरच्या दवाखान्यांतल्या अनोळखी रुग्णांची माहिती तिथल्या संगणकावर शोधता येई. अमरनं खुणा सांगितल्या: वय सत्तरीचं, डाव्या मनगटावर मोराचं गोंदण. पडद्यावर चक्र फिरत राहिलं. शेवटी 'नोंद नाही' असं आलं.

धाकटी प्रणिता हैदराबादला सॉफ्टवेअरमध्ये होती. आईसाठी तिनं ती नोकरी सोडली आणि ही यंत्रणा सांभाळणाऱ्या गटात काम मागून घेतलं. दोष तिला लवकरच कळला. प्रत्येक दवाखान्याची माहिती त्याच्याच सर्व्हरवर होती. नावावरून शोध पटकन लागे. पण खुणांवरून शोधायचं तर एकेका सर्व्हरला विचारत जावं लागे, त्याला सगळ्या नोंदी चाळाव्या लागत, आणि ठरलेला वेळ संपला की शोध अर्ध्यातच तुटे आणि पडद्यावर 'नोंद नाही' असंच येई. तिनं प्रत्येक सर्व्हरवर गोंदण, व्रण, भाषा, वय यांची सूची तयार करवली आणि तिचा सारांश मध्यवर्ती सर्व्हरवर आणला. आता तशी खूण जिथं असेल, तिथंच विचारायचं.

चाचणीला तिनं आईच्याच खुणा टाकल्या. पापणी लवायच्या आत उत्तर आलं.

लांबच्या एका दवाखान्यातली नोंद. फोटो आईचाच. खाली लिहिलं होतं: पावसाळ्यात मृत्यू, अंत्यसंस्कार सेवाभावी संस्थेमार्फत.

तिनं फोन लावला. "दादा, आई सापडली. पन ती राह्यली नाही."

अमरनं विचारलं, "मी इचारलं तवा होती का तिथं?"

खोटं बोलावं असं तिला फार वाटलं. "होती. शोध तिथवर पोचलाच नाही."

"मंग नाही काऊन म्हनलं? थांबा म्हनलं असतं, तर मी बसून राह्यलो असतो."

दोघं त्या दवाखान्यात गेली. तिथल्या नर्सबाई तेलुगूत म्हणाल्या, "आजींची भाषा इथं कुणालाच कळायची नाही. दिसेल त्याचा हात धरून काहीतरी विचारायच्या. 'घरला कवा' असं काहीसं." मग त्यांनी प्रणितालाच विचारलं, "म्हणजे काय हो?"

अमरनं मोडक्यातोडक्या तेलुगूत अर्थ सांगितला आणि तो भिंतीला टेकून खाली बसला.