सात वाजताची उचकी

नवा रेडिओ सेट घरात आला त्या दिवशी बायको दाराला टेकून म्हणाली, "आली का सवत? हिला कुठे बसवणार?"

मी खोकं उघडायला बसलो. खोक्यात खोकं, त्यात तिसरं खोकं, आणि आत फोमच्या गादीत अकरा किलोचा काळा ठोकळा. याचे फोटो मी मासिकांतून कापून ठेवत आलो होतो. म्हणजे अगदी याचे नव्हेत, याच्या आज्या-पणज्यांचे. दर पाच-सात वर्षांनी नवं मॉडेल यायचं, मी नवा फोटो कापायचो, आणि परत कुणाच्या तरी अडकलेल्या लिफ्टकडे धावायचो. मी लिफ्टचा मेकॅनिक. अर्धा जन्म इमारतींच्या डोक्यावरच्या मशीन-रूममध्ये ग्रीस पुसण्यात गेला. लिफ्ट मजल्याशी समतल थांबली पाहिजे, बोटभरही वरखाली चालणार नाही, हा माझा धंदा आणि हाच स्वभाव. तेव्हा निवृत्तीनंतर मी सगळ्यात अचूक सेट घेतला, यात नवल काही नाही.

ज्यांना हा हॅम रेडिओचा नाद नाही त्यांना थोडक्यात सांगतो. परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, गच्चीवर तार ताणायची आणि घरी बसून हवेतून लांबच्या माणसाशी बोलायचं. काही जण तोंडाने बोलतात. आम्ही जुनी खोडं टिंबांनी आणि रेघांनी, म्हणजे मोर्समध्ये, बोलतो. एक पितळी दांडी असते, तिला आम्ही की म्हणतो. ती दाबली की पलीकडच्याला शिट्टी ऐकू येते. बस, एवढंच. मधे कुणाची मेहरबानी नाही.

नव्या सेटला मोठा स्क्रीन आहे. हवेत आजूबाजूला कोण कोण बोलतंय ते त्यावर वरून खाली झरणाऱ्या रेघांमध्ये दिसतं. गोंगाट पुसून टाकायचं एक बटण आहे. फिल्टर इतका बारीक, की शेजारी कुणी बोंबलत असला तरी आपल्याला फक्त आपला माणूस ऐकू यावा. आणि मधला मोठा नॉब! एका बोटाने ढकलला की आपल्या वजनाने फिरत राहतो. पहिल्या दिवशी मी तो नुसता फिरवत बसलो होतो. बायको दोनदा येऊन बघून गेली आणि काही बोलली नाही, म्हणजे बरंच बोलली.

याआधीचा सेट मी स्वतः बांधला होता, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. डब्यावर हसऱ्या मुलीचं चित्र होतं. स्विच बसवायला मी तिच्या गालातूनच भोक पाडलं होतं. त्यात गाळण्या-बिळण्या काही नव्हत्या. सुरू केला की सगळं आकाश एकदम खोलीत. दहा जणांच्या शिट्ट्या, मधेच कुठल्यातरी स्टेशनवरचं भाषण, भाजी फोडणीला टाकावी तशी चरचर, आणि या सगळ्याच्या तळाशी काटेवाला.

काटेवाला माझा मित्र. वजनकाटे तपासायच्या नोकरीत होता. दुकानादुकानांतून हिंडून मापांवर शिक्के मारायचा, आणि ग्रॅमभर फरक निघाला तरी माप जप्त करायचा. पण त्याचा स्वतःचा सेट? तोही घरीच बांधलेला, आणि बेशिस्तीचा कळस. की दाबली की शिट्टी आधी गचका खायची, मग सरळ व्हायची. प्रत्येक टिंबाला उचकी. शिवाय सेट तापेल तसा त्याचा आवाज डायलवरच्या जागेवरून सरकायचा. बोलायला लागायचा एका ठिकाणी आणि निरोप घ्यायचा तिसऱ्याच गल्लीत. मी म्हणायचो, "जगाचे काटे सरळ करतोस, जरा स्वतःचा बघ." तो म्हणायचा, "तुला नॉब फिरवायला काय होतं?"

आणि खरंच काही होत नव्हतं. उजवा हात कीवर, डावा नॉबवर. तो सरकला की मी त्याच्यामागे सरकायचो. दर रविवारी सकाळी सातला, एकतीस वर्षं. आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नाही. सुरुवातीला पत्त्याची कार्डं पाठवली तेवढीच. हवेतलं हवेत ठेवायचं, फोन नाही, पत्र नाही, असं पहिल्याच वर्षी ठरलं होतं. त्याच्या डोक्यावर केस आहेत की नाहीत हे मला आजही माहीत नाही. पण त्याचं पोट बिघडलेलं त्याच्या टिंबांवरून मला कळायचं.

तेव्हा मी हेडफोन लावत नसे, त्यामुळे तो घरभर ऐकू यायचा. बायकोला मोर्समधलं अक्षर कळत नाही, तरी स्वयंपाकघरातून ओरडायची, "आले हो तुमचे उचकीवाले भावजी!" मुलगी झाली ते मी सासूबाईंच्या आधी त्याला कळवलं होतं. सासूबाईंना ते पुढे कळलं, आणि त्यांनी मरेपर्यंत मला ते विसरू दिलं नाही.

त्याची बायको गेली त्या रविवारी त्याने दोनच शब्द पाठवले. "ती गेली." मग की दाबली आणि सोडलीच नाही. एकच लांब शिट्टी. ती हळूहळू खाली घसरत होती आणि मी नॉब फिरवत तिच्यामागे जात होतो. माझा चहा गार झाला. बायको दारात येऊन उभी राहिली. शिट्टी थांबल्यावर मी पाठवलं, "आहे मी." त्याने पाठवलं, "माहीत आहे." माणसांना रडताना मी पुष्कळदा ऐकलंय, पण तसं नाही ऐकलं कधी.

तर नवा सेट आला. आमची ठरलेली फ्रिक्वेन्सी मी शेवटच्या आकड्यापर्यंत पहिल्या बटणात साठवून ठेवली. की तेवढी जुनी पितळीच ठेवली. रविवारी सातला बटण दाबलं, फिल्टर बारीक केला, गोंगाट पुसला, नवे भारी हेडफोन कानाला लावले. इतकी स्वच्छ शांतता मी हवेत कधीच ऐकली नव्हती. त्या शांततेत मी काटेवाल्याला हाक मारली.

उत्तर आलं नाही.

पुढच्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. एकतीस वर्षांत तो दोनदा चुकला होता, आणि दोन्ही वेळा आधी सांगून. चौथ्या रविवारी बायको म्हणाली, "पत्ता आहे ना? मग टाका की पत्र. ठरलं होतं म्हणून काय झालं?"

पत्र मी लिहिलं. पाकिटावर पत्ता घातला, तिकीट चिकटवलं, आणि ते पाकीट सेटखाली सरकवून ठेवलं. कारण पत्राला उत्तर येतं. ते त्याच्या हातचं नसलं तर? तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, हृदयाच्या गोळ्या घेणारा. जोवर मी पत्र टाकत नाही तोवर तो आहे, अशी माझी अक्कल. बायको म्हणाली, "तुम्हाला उचकी तरी लागते का हो? आठवण काढत असतील तर लागायला हवी." मी तिच्यावर खेकसलो.

भीती माणूस दुसऱ्या कुणावर तरी काढतो. मी शेजारच्या शिंप्यावर काढली. झालं असं की रविवारी स्क्रीनच्या कडेला एक मळकी, तुटक, तिरकी रेघ दिसायची. सेटच्या पुस्तकात लिहिलं होतं, अशा सरकत्या तिरक्या रेघा मोटारींच्या आणि चार्जरच्या असतात. शेजारी शिवणयंत्राला मोटर, आणि गिऱ्हाइकांच्या घाईमुळे शिंपी रविवारीही सकाळीच बसायचा. म्हणजे चोर सापडला! मी गोंगाट पुसायचं बटण आणखी वर नेलं आणि त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. तो बिचारा म्हणाला, "काका, बघतो काहीतरी." पुढच्या रविवारी रेघ पुन्हा होती. मी पुन्हा गेलो. असं पाच वेळा झालं. पाचव्या वेळी मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अकराव्या रविवारी साताला दहा कमी असताना शिंपीच आमच्या दारात. गळ्यात टेप, आणि मुठीत काहीतरी.

"काका, आज सोक्षमोक्ष लावू," तो म्हणाला. "हा माझ्या घराचा फ्यूज. काढून आणलाय. घरात अंधार आहे, बायको माझ्या नावाने खडे फोडतेय. आता दाखवा तुमची रेघ."

मी त्याला रेडिओच्या खोलीत नेलं. सात वाजले. दोन-तीन मिनिटांत स्क्रीनच्या कडेला रेघ उमटायला लागली. मळकी, तुटक, तिरकी.

शिंप्याने फ्यूज माझ्या नाकासमोर धरला. "आता?"

माझी तोंडात मारल्यासारखी गत झाली. पण हार मानेन तर मी कसला? म्हटलं, मग आणखी कुणाची तरी मोटर असेल, आवाज ऐकवतो, तूच ओळख, तुझा तो रोजचा व्यवहार. हेडफोनची वायर उपटली, स्पीकर मोठा केला. गोंगाट पुसणं बंद. फिल्टर पूर्ण उघडा. अकरा आठवड्यांत पहिल्यांदाच खोलीत सगळं आकाश घुसलं, चरचर, शिट्ट्या, भाषण. मी नॉब रेघेच्या दिशेने थोडा ढकलला.

स्वयंपाकघरातून काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. बायको ओल्या हातांनी धावत आली.

"अहो! उचकीवाले भावजी!"

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. मी कागद ओढला आणि अक्षरं लिहून घ्यायला लागलो. एरवी मला लिहावं लागत नाही, पण त्या दिवशी डोक्यात काही थांबेना. कागदावर उतरलं ते असं:

"...या वेळीही ऐकू येत नाही. माझे कान गेले असतील, नाहीतर सेटचे. तू उत्तर देतोयस हे नक्की, मला येत नाही एवढंच. म्हणून थांबत नाही, सांगत जातो. गुडघा बरा आहे. नवा चष्मा लागला. खिडकीसमोरचं झाड तोडलं, आता खोलीत ऊन येतं, तिला आवडलं असतं..."

अकरा रविवार तो असा एकटाच बोलत होता. मी सोडून गेलो, मी विसरलो, मी मेलो, यातलं काही त्याच्या मनाला शिवलं नव्हतं. बिघाड आपलाच, असं धरून तो मला गुडघ्याची खबर देत होता. आणि मी त्याला शिवणयंत्र समजून पुसत होतो. मला इतकी लाज आयुष्यात वाटलेली नाही. त्याचा सेट म्हातारा झाला होता, ठरलेल्या जागेवर आता तो सुरुवातीलाही येत नव्हता. जिथे बोलेल तिथलंच त्याला ऐकू यायचं. मी माझ्या अचूक जागेवर हाका मारत होतो, तो त्याच्या चुकलेल्या जागेवर, आणि मधे एका भिंतीएवढं अंतर. बिस्किटांच्या डब्यावर तो मला पहिल्या मिनिटाला सापडला असता, कारण तिथे मी त्याला शोधायला निघालो असतो.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," बायको म्हणाली. तिचा आवाज मात्र चिडलेला नव्हता.

"...वहिनींना नमस्कार. त्र्याहत्तर."

आमच्यात निरोप घेताना हा आकडा पाठवतात, खुशाल राहा या अर्थाने. त्याच्यानंतर सेट बंद. मी कीवर हात ठेवला.  त्याला हाक मारली आणि पाठवलं, "आहे मी. ऐकू येतंय का?"

चरचर. नुसती चरचर. गेला, मी म्हटलं, बंद करून उठला. शिंप्याला काय चाललंय ते कळत नव्हतं, पण त्यानेही श्वास धरला होता.

मग उचकी आली. हळू, एकेक अक्षर सुटं करून.

"कान बरे झाले."

"काय म्हणाले?" बायकोने विचारलं. मी सांगितलं. ती पदराला हात पुसत राहिली. मग म्हणाली, "खरं सांगा त्यांना."

"आत्ता?"

"मग कधी?"

मी पाठवलं, "तुझे कान ठीक होते. बंद माझे होते. नवा सेट घेतला, तुला कचरा समजून गाळत बसलो."

 मग त्याने की दाबली आणि सोडलीच नाही. तीच लांब शिट्टी. हळूहळू खाली घसरायला लागली. मी जगातल्या सगळ्यात अचूक नॉबवर बोट ठेवलं आणि तिच्यामागे निघालो.

"काका, बिघडलं का?" शिंप्याने कुजबुजत विचारलं. "मी जाऊन फ्यूज लावू?"

"थांबा हो जरा," बायको म्हणाली.

तो मुठीत फ्यूज धरून तसाच उभा राहिला. शिट्टी स्क्रीनच्या अर्ध्यापर्यंत तिरकी उतरली आणि थांबली. मग उचकत उचकत प्रश्न आला.

"आहेस ना मागे?"

"आहे," मी पाठवलं.