दोन खोल्यांच्या मधला आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. पण तुमच्या कपाटाच्या दारावर असतो तसला नव्हे हं! मी जवळजवळ भिंतीएवढा आहे आणि दोन खोल्यांच्या मधोमध उभा आहे. एका खोलीत उजेड असतो. तिथल्या माणसांना माझ्यात स्वतःचाच चेहरा दिसतो. दुसऱ्या खोलीत अंधार असतो. तिथून पाहिलं तर मी नुसती काच, पलीकडचं सगळं दिसतं. कारखान्यात माझ्या अंगावर धातूचा थर चढवणारा कारागीर म्हणाला होता, "जाड नको रे बाबा, धुक्याएवढा पुरे." तेव्हापासून मी असाच आहे, अर्धा जागा आणि अर्धा झोपेत.

मला ज्या समुपदेशन केंद्रात आणलं, तिथे घराघरांतल्या गाठी हलक्या हाताने सोडवतात. उजेडाच्या खोलीत कुटुंब बसतं. त्यांच्याशी एक ताई बोलतात. अंधाराच्या खोलीत ताईंचे सोबती आणि शिकाऊ मंडळी बसून ऐकतात, कारण अख्खं घर एका माणसाच्या नजरेत मावत नाही. चोरून नाही बरं! येणाऱ्यांना आधी ती खोली दाखवतात, आणि ते हो म्हणाले तरच तिथे कुणी बसतं.

ताईंचे प्रश्न मला फार आवडायचे. "चूक कुणाची?" असं त्या कधी विचारत नसत. त्या एकाला दुसऱ्याबद्दल विचारत. "आई गप्प झाली की आधी कुणाच्या लक्षात येतं? मग तो काय करतो? ते पाहून आईचं काय होतं?" प्रश्न भोवऱ्यासारखा गरगर फिरे, आणि फिरता फिरता त्यातून घर उमटू लागे. स्वप्नात उमटतं ना, तसं.

एकदा एक लहान मुलगी आली. घरी तिला चिमणी म्हणत. रोज सकाळी शाळेच्या वेळेला चिमणीचं पोट दुखे. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, काही सापडलं नाही. बाबा कंटाळले होते. लांबच्या एका हॉस्टेलात त्यांनी तिच्यासाठी जागाही बघून ठेवली होती. आई-बाबांच्या मधल्या खुर्चीत बसून चिमणी पाय हलवत होती.

"तिच्या आईने लाडावून ठेवलंय," बाबा म्हणाले.

"चिमणे, बाबांना सांग, लाड करायला घरी असावं लागतं," आई म्हणाली.

ताईंनी दोघांकडे पाहिलं आणि चिमणीला विचारलं, "समजा, आज तुम्ही सगळे गाढ झोपलात आणि झोपेतच घरातलं सगळं दुखणं निघून गेलं. कुणालाच कळलं नाही. सकाळी तुला पहिल्यांदा कशावरून कळेल गं?"

चिमणीचे पाय थांबले. ती बराच वेळ माझ्याकडे, म्हणजे स्वतःकडेच, बघत राहिली.

"आई-बाबा बोलत असतील," ती म्हणाली. "माझ्या पोटाबद्दल नाही. असंच काहीतरी."

"आणि पोटाबद्दल बोलतात तेव्हा?"

"तेव्हाच तर बोलतात."

माझ्यामागच्या अंधारात एक वयस्कर शिकाऊ बसले होते. पांढऱ्या मिशांचे, म्हणून सगळे त्यांना काका म्हणत. त्यांना रडू आवरेना. रुमाल काढायला ते उठले, भिंतीला टेकले आणि खांद्याने दिव्याचं बटण दाबलं गेलं. दोन्हीकडे उजेड! मित्रांनो, त्या क्षणी मी विरघळलोच. आरसा नाही, भिंत नाही, नुसती खिडकी.

"अय्या! आरशात आजोबा!" चिमणी ओरडली. "आणि रडतायत!"

बाबा ताडकन उठले. "आमचं ऐकायला माणसं बसवलीत, ते ठाऊक होतं. रडायलाही बसवलीत? चला गं! हॉस्टेलचं मी ठरवलंय, ते ठरवलंय."

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताई मात्र हसल्या. "आता दिसलेच आहेत, तर उलटं करू या का? त्यांनी बोलायचं आणि तुम्ही ऐकायचं. पटलं नाही तर मी स्वतः दारापर्यंत सोडायला येईन."

बाबा उभेच राहिले, पण नाही म्हणाले नाहीत. ताईंनी इकडचा दिवा मालवला. आता कुटुंब अंधारात आणि काका उजेडात!

काका शेजारी बसलेल्या शिकाऊ बाईंना म्हणाले, "मला वाटतं, पोरगी घराला राखतेय. दुखणं थांबलं तर घर मुकं होईल, या भीतीने. हॉस्टेलात गेली तरी तिचा जीव इथेच राहील."

"मला बाबांसाठी वाईट वाटलं," बाई म्हणाल्या. "काळजीपोटीच हॉस्टेल शोधत हिंडले असतील. ती बोलून दाखवायची कशी, एवढंच त्यांना सापडलं नसेल."

काळोखात खुर्ची करकरली. बाबा खाली बसले होते. मग बाबा चिमणीच्या डोक्यावरून पलीकडे वाकले.

"तुला काय वाटतं? पाठवायचं हिला?"

"मला विचारताय?" आई दचकली.

"मग काय भिंतीला?"

"नको पाठवू या," आई म्हणाली. "आणि तुम्हीही जरा लवकर येत जा. फार एकटं वाटतं हो."

चिमणी खुर्चीवरून घसरत उतरली. "तुम्ही बसा बोलत," ती म्हणाली, "मी त्या आजोबांना माझा रुमाल देऊन येते."

पोटदुखी लगेच थांबली नाही. पण हॉस्टेलचा विषय पुन्हा निघाला नाही, आणि मधली खुर्ची त्यानंतरच्या भेटींत रिकामीच राहू लागली.

आता मी म्हातारा झालोय. माझ्याऐवजी बघायला छताला बोटभर कॅमेरा आलाय, माझ्या कडांचा थर उडालाय. कधीतरी कुणी मऊ फडक्याने पुसतं, तेवढं सुख. मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. पण घरात कुणी रुसलं, दुखलं, गप्प झालं, तर त्या एकावरच बोट रोखू नका. आपसांत विचारा, "त्याला दुखलं की तुला काय होतं?" आणि उत्तर यायला वेळ लागला तर थांबा. उठून जाऊ नका.